पुरेशा यंत्राचा ध्यास : ॲडम ऑस्बोर्न

नव्वदच्या दशकात संगणक शिकलेल्या पिढीला ‘ऑस्बोर्न’ हे नाव पुस्तकांवरून ओळखीचे आहे. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईच्या फोर्टमध्ये संगणकाची पुस्तके धुंडाळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती हर्बर्ट शिल्ट यांचे सी भाषेवरील जाडजूड संदर्भपुस्तक हमखास येत असे आणि ते ‘ऑस्बोर्न मॅकग्रॉ-हिल’ या प्रकाशनाचे असे. हा ऑस्बोर्न कोण, याची चौकशी करण्याच्या फंदात फारसे कुणी पडले नाही. व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो भेटला तो ‘ऑस्बोर्न इफेक्ट’ या नावाने. नव्या मालाची घोषणा वेळेआधी केली की जुन्या मालाचा खप बसतो, एवढाच धडा त्यांनी त्याच्या चरित्रातून घेतला. पुस्तकाच्या कण्यावरचे नाव आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतले नाव ही दोन्ही एकाच माणसाची आहेत आणि त्या माणसाचे बालपण व अखेरची वर्षे तमिळनाडूत गेली, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते.

ॲडम ऑस्बोर्न यांची खरी ओळख या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी दडलेली आहे. घरातल्या टेबलावर संगणक जोडत बसणाऱ्या, अडले की एकमेकांना विचारणाऱ्या आणि सुटले की दुसऱ्याला सांगणाऱ्या हौशी मंडळींच्या जगातून ते वर आले. त्या जगाची गरज त्यांनी इतरांच्या आधी ओळखली, तिच्यावर आधी प्रकाशनसंस्था आणि मग संगणक-कंपनी उभी केली. कंपनी अवघ्या अडीच वर्षांत कोसळली. तिच्या यंत्रांना सांभाळण्याचे काम पुन्हा त्याच हौशी मंडळींकडे आले.

ॲडम यांचा जन्म ६ मार्च १९३९ रोजी बँकॉक येथे झाला. वडील आर्थर ऑस्बोर्न इंग्रज, बँकॉकच्या चुलालाँगकॉर्न विद्यापीठात अध्यापन करणारे. आई ल्युसिया पोलिश. या दाम्पत्याला अध्यात्माची ओढ होती आणि ती त्यांना अरुणाचलाच्या पायथ्याशी, तिरुवण्णामलैच्या रमण महर्षींच्या आश्रमाकडे घेऊन आली. दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजा थायलंडमध्ये शिरल्या तेव्हा आर्थर बँकॉकमध्येच अडकले आणि युद्ध संपेपर्यंत त्यांना नजरकैदेच्या छावणीत दिवस काढावे लागले. त्या काळात ल्युसिया मुलांना घेऊन तिरुवण्णामलैला राहिल्या. आर्थर यांनी पुढे रमण महर्षींचे चरित्र लिहिले आणि १९६४ मध्ये ‘द माउंटन पाथ’ हे आश्रमाचे नियतकालिक सुरू केले. म्हणजे ज्या घरात ॲडम वाढले तिथे लिहिणे, छापणे आणि समजावून सांगणे हा रोजच्या जगण्याचा भाग होता. आश्रमातला हा गोरा मुलगा पुढे कॅलिफोर्नियातल्या एका नव्या उद्योगाचा गाजलेला चेहरा होईल, असे त्या वेळी कुणाच्या स्वप्नातही आले नसेल.

कोडाईकॅनॉलच्या शाळेत प्राथमिक शिक्षण घेतल्यावर, वयाच्या अकराव्या वर्षी, १९५० मध्ये ॲडम इंग्लंडला गेले. बर्मिंगहॅम विद्यापीठातून १९६१ मध्ये त्यांनी रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेतली. नंतर अमेरिकेत डेलावेअर विद्यापीठातून त्याच विषयात डॉक्टरेट मिळवली आणि कॅलिफोर्नियात शेल कंपनीत नोकरी धरली. रासायनिक प्रक्रियांची गणिते सोडवताना संगणकाशी त्यांची ओळख झाली. पण मोठ्या कंपनीच्या शिस्तीत रमणारा त्यांचा पिंड नव्हता. सत्तरच्या दशकाच्या आरंभी त्यांनी नोकरीला रामराम ठोकला आणि बर्कलेमध्ये स्वतःची सल्लागार संस्था थाटली. संस्थेचे मुख्य काम होते संगणकांची माहितीपुस्तके लिहिण्याचे. अभियंत्यांनी लिहिलेली माहितीपत्रके वाचून सामान्य माणसाच्या डोक्यात काहीच शिरत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. अवघड गोष्ट सोप्या इंग्रजीत मांडण्याची हातोटी त्यांच्यापाशी होती.

नेमक्या याच सुमारास घरगुती संगणकाचा जन्म होत होता. जानेवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ हे यंत्र झळकले. चारशे डॉलरच्या आत मिळणारे हे यंत्र सुट्या भागांच्या स्वरूपात घरी येई. भाग जुळवायचे, डाख द्यायचा आणि एवढे करून हाती लागे ती दिव्यांची व खटक्यांची एक पेटी. तिला पडदा नव्हता, की-बोर्ड नव्हता आणि मूळ स्मृती होती अवघ्या २५६ बाइट्सची. ती चालवायची कशी, तिला छपाईयंत्र जोडायचे कुठून, जादा स्मृती बसवायची कशी, या प्रश्नांची उत्तरे देणारे कुणी नव्हते. ग्राहकांना एकमेकांवाचून गत्यंतर उरले नाही.

५ मार्च १९७५ च्या पावसाळी संध्याकाळी, सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला मेन्लो पार्क येथे, गॉर्डन फ्रेंच यांच्या मोटारीच्या गॅरेजमध्ये तीसेक माणसे जमली. फ्रेंच आणि फ्रेड मूर यांनी बोलावलेली ती बैठक म्हणजे ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’चा आरंभ होता. पुढे गर्दी वाढली तशा क्लबच्या बैठका स्टॅनफर्डच्या रेषीय त्वरक केंद्राच्या सभागृहात भरू लागल्या. तिथे सूत्रसंचालन करीत ली फेल्सेनस्टाइन. त्यांची पद्धत साधी आणि परिणामकारक होती. आधी ज्याला जे सांगायचे त्याने उभे राहून सांगायचे : कुणाकडे जादा चिप्स आहेत, कुणाचा टेप-रेकॉर्डर आज्ञावली नीट वाचत नाही, कुणाला अमुक भागाचा नकाशा हवा आहे. कोण काय शोधतो आहे आणि कुणाकडे काय आहे, याचा सगळ्यांना अंदाज आला की मग सभा विसर्जित करून मोकळीक द्यायची. मग घोळक्या-घोळक्यांत खरे काम सुरू होई. वस्तू बदलल्या जात, नकाशे उतरवून घेतले जात, अडलेली गाडी पुढे सरके. स्टीव्ह वॉझ्निअॅक यांनी आपल्या पहिल्या ॲपल संगणकाचे नकाशे याच घोळक्यांत मोकळ्या हाताने वाटले होते.

या सभागृहात एक उंचपुरा, मिशीवाला, ब्रिटिश ढंगाने बोलणारा गृहस्थ पुस्तकांचे खोके घेऊन येऊ लागला. ते होते ॲडम ऑस्बोर्न आणि खोक्यात होते त्यांनी स्वतःच छापलेले ‘ॲन इन्ट्रोडक्शन टू मायक्रोकॉम्प्युटर्स’. प्रस्थापित प्रकाशकांना या विषयाला वाचक आहे असे वाटले नव्हते. ऑस्बोर्न यांना तो वाचक समोरच्या खुर्च्यांवर बसलेला दिसत होता. खोकी रिकामी होऊ लागली. आयएमएसएआय या संगणक-कंपनीने तर आपल्या यंत्राबरोबर हे पुस्तक देण्यासाठी त्याच्या प्रती घेतल्या. यंत्राच्या खोक्यात समजावून सांगणारे पुस्तकही असले पाहिजे, ही त्या काळात नवलाची वाटणारी कल्पना ऑस्बोर्न यांच्या मनात इथे रुजली असावी.

या यशानंतर त्यांनी प्रकाशनाला वाहून घेतले. त्यांच्या पुस्तकांतला एक प्रकार विशेष लक्षणीय होता. पगारपत्रक, खतावणी, येणी-देणी अशा कामांच्या आज्ञावली त्यांनी ओळ न् ओळ छापून पुस्तकरूपाने विकल्या. लॉन पूल आणि मेरी बोर्चर्स यांचे ‘सम कॉमन बेसिक प्रोग्राम्स’ हे १९७७ चे पुस्तक याच माळेतले. हौशी माणसाने पुस्तक समोर उघडून ठेवायचे आणि आज्ञावली स्वतःच्या यंत्रात टंकून काढायची. एखादा स्वल्पविराम चुकला तर रात्र जाई, पण त्या रात्रीत आज्ञावलीच्या पोटात काय दडले आहे ते कळे. आपल्या यंत्राच्या बेसिकनुसार तिच्यात बदलही करता येई. दुकानात शेकडो डॉलरना मिळणारी विद्या काही डॉलरच्या पुस्तकात उघडी पडलेली होती.

याच वर्षांत एका जुन्या वादाला तोंड फुटले होते. होमब्रूच्या मंडळींनी अल्टेअरसाठीच्या बेसिक भाषेच्या प्रती आपापसांत वाटून टाकल्या आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये तरुण बिल गेट्स यांनी हौशी मंडळींना उद्देशून एक जाहीर पत्र लिहिले. फुकट वाटपामुळे चांगली आज्ञावली लिहिण्याचा कष्टकऱ्याचा हुरूप मारला जातो, असा त्यांचा आक्षेप होता. दुसऱ्या बाजूला, ज्ञान वाटल्याने वाढते या श्रद्धेने क्लबात येणारी माणसे होती. दोन्ही बाजूंत तथ्य होते. ऑस्बोर्न यांनी पुढे आपल्या व्यवहारातून तिसरा मार्ग सुचवला : आज्ञावलीची किंमत पुस्तकासारखी ठेवा, म्हणजे प्रत काढण्याचा खटाटोप करण्यापेक्षा विकत घेणे सोपे वाटेल. हा विचार त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही आणि त्याची जबर किंमतही मोजली.

१९७९ मध्ये त्यांनी आपली प्रकाशनसंस्था मॅकग्रॉ-हिलला विकली. तोपर्यंत चाळीसच्या आसपास पुस्तके तिच्या नावावर जमा झाली होती. ‘इंटरफेस एज’ मासिकातल्या आपल्या स्तंभातून ते संगणक-उत्पादकांची खरडपट्टी काढत. वेळेवर माल न देणारे, अर्धवट यंत्रे गळ्यात मारणारे, ग्राहकाने जोडणीचा प्रत्येक भाग वेगळा शोधावा अशी अपेक्षा करणारे, कुणीच त्यांच्या तावडीतून सुटत नसे. संगणक एकाकडून, पडदा दुसऱ्याकडून, फ्लॉपी-ड्राइव्ह तिसऱ्याकडून आणि आज्ञावल्या चौथ्याकडून घ्यायच्या आणि चौघांचे एकमेकांशी जमले नाही तर चौघांनीही हात वर करायचे, असा तो काळ होता. टीकाकाराला कधी ना कधी एक प्रश्न विचारला जातोच : मग तुम्ही करून दाखवा. ऑस्बोर्न यांनी तो प्रश्न स्वतःलाच विचारला.

१९८० मध्ये त्यांनी फेल्सेनस्टाइन यांना गाठले. होमब्रूचा सूत्रधार आता त्यांच्या संगणकाचा रचनाकार झाला. ऑस्बोर्न यांची मागणी स्पष्ट होती. नवे शोध लावायचे नाहीत. उपलब्ध, पारखलेले भाग घ्यायचे. यंत्र पेटीसारखे बंद होऊन विमानातल्या आसनाखाली मावले पाहिजे. आणि खोक्यातून काढल्याबरोबर कामाला लागले पाहिजे. सर्वोत्तमाच्या मागे न लागता पुरेसे असेल ते द्यावे, हे त्यांचे सूत्र होते. एप्रिल १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअर’मध्ये ‘ऑस्बोर्न १’ लोकांसमोर आला.

शिलाई यंत्राच्या पेटीसारखे दिसणारे हे यंत्र सुमारे ११ किलो वजनाचे होते. झाकण उघडले की तेच की-बोर्ड होई. आत झेड-८० प्रक्रियक, ६४ किलोबाइट्स स्मृती, दोन फ्लॉपी-ड्राइव्ह आणि मधोमध जेमतेम ५ इंचांचा पडदा. किंमत १७९५ डॉलर. पण लोकांना चक्रावून टाकले ते त्याबरोबर मिळणाऱ्या आज्ञावल्यांनी. सीपी/एम ही कार्यप्रणाली, लेखनासाठी वर्डस्टार, हिशेबासाठी सुपरकॅल्क आणि बेसिकचे दोन अवतार, असा दीड हजार डॉलरच्या घरातला ऐवज त्याच किमतीत हाती पडत होता. जोडीला सगळे समजावून सांगणारी एक जाड माहितीपुस्तिका. यंत्र, आज्ञावल्या आणि पुस्तक एकाच पेटीत देऊन ऑस्बोर्न यांनी होमब्रूच्या सभागृहात विचारल्या जाणाऱ्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे आधीच देऊन ठेवली होती. यंत्रावर ग्राहकांच्या उड्या पडल्या. भराच्या काळात एका महिन्यात दहा हजार यंत्रे विकली गेली.

उरलेल्या निम्म्या प्रश्नांसाठी मात्र पुन्हा माणसेच लागली. १९८१ च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे यंत्रे ग्राहकांच्या घरी पोहोचू लागल्यानंतर काही महिन्यांतच, सॅन फ्रान्सिस्कोला लागून असलेल्या डेली सिटीमध्ये ‘फर्स्ट ऑस्बोर्न ग्रुप’ची स्थापना झाली. या नावाच्या आद्याक्षरांचा शब्द होतो फॉग, म्हणजे धुके. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरावर रोज उतरणारे धुके प्रसिद्धच आहे. मंडळाने आपल्या वार्तापत्राचे नाव ठेवले ‘फॉगहॉर्न’, अर्थात धुक्यात वाट चुकलेल्या जहाजांना किनाऱ्याची दिशा दाखवणारा भोंगा. संगणकाच्या नव्या मालकांची अवस्था पाहता यापेक्षा समर्पक नाव सापडणे कठीण होते.

त्यांच्या अडचणी काय होत्या? पहिली पडद्याची. त्यावर एका ओळीत ५२ अक्षरे मावत आणि टंकलिखित पानाची ओळ असे ८० अक्षरांची. पडदा खिडकीसारखा डावी-उजवीकडे सरकवत मजकूर वाचावा लागे. लिहिणाऱ्यांचे डोळे दुखत. बाहेरचा मॉनिटर कसा जोडायचा, अधिक अक्षरे दाखवणारी सुधारणा बसवून घ्यावी की नाही, यावर मंडळांत चर्चा झडत. दुसरी अडचण छपाईयंत्राची. ‘ऑस्बोर्न १’ला एक मालिका-जोडणी होती आणि दुसरी प्रयोगशाळांतल्या उपकरणांच्या जातीची. या दुसरीलाच आज्ञावलीच्या मदतीने समांतर छपाईयंत्राची जोडणी बनवता येई. पण केबलच्या कोणत्या तारेला कोणती तार जोडायची आणि वर्डस्टारला आपल्या छपाईयंत्राची ओळख कशी करून द्यायची, हे आधी करून चुकलेल्या माणसाकडूनच शिकावे लागे.

तिसरी अडचण सर्वांत चिवट होती. सीपी/एम कार्यप्रणाली अनेक कंपन्यांच्या संगणकांवर चाले. पण प्रत्येकीने सव्वापाच इंची फ्लॉपीवर माहिती मांडण्याची आपापली रीत ठरवली होती. एकाची फ्लॉपी दुसऱ्याच्या यंत्राला परकी. ऑस्बोर्नच्या मूळ फ्लॉपीवर तर सुमारे ९० किलोबाइट्सच मावत, म्हणजे जेमतेम चाळीस-पंचेचाळीस टंकलिखित पाने. या दुखण्यावरचा तोडगाही एका हौशी माणसानेच दिला होता. शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी १९७७ मध्ये दोन संगणकांमध्ये दूरध्वनीच्या तारेवरून धारिका पाठवण्याची आज्ञावली लिहिली आणि एक पैसाही न घेता सीपी/एम वापरणाऱ्यांच्या मंडळामार्फत सर्वांसाठी खुली केली. माहितीचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यासोबत पडताळणीची बेरीज पाठवायची आणि बेरीज जुळली नाही तर तोच तुकडा पुन्हा मागवायचा, अशी तिची साधी युक्ती. ‘एक्समोडेम’ या नावाने ती जगभर पसरली. फ्लॉप्या जुळल्या नाहीत तरी मजकूर पोहोचू लागला.

मंडळांचा आणखी एक मोठा आधार म्हणजे खुल्या आज्ञावल्यांचे संग्रह. लेखकांनी स्वखुशीने सार्वजनिक केलेल्या आज्ञावल्या फ्लॉप्यांवर क्रमवार लावून ठेवल्या जात आणि नाममात्र खर्चात सभासदांना मिळत. पुसली गेलेली धारिका परत आणणारी, फ्लॉपीवरची यादी नीट लावणारी, खराब भाग बाजूला काढणारी अशी ती लहान लहान अवजारे होती. कुणी लिहिली, कुणी सुधारली, कुणी त्यातली चूक दाखवली, हे सोबतच्या टिपणात नोंदलेले असे. गेट्स यांच्या पत्राला हौशी मंडळींनी कृतीतून दिलेले हे एक उत्तर मानता येईल. दुसऱ्याचे वाटून टाकण्याऐवजी त्यांनी स्वतःचे वाटायला सुरुवात केली होती.

इकडे ऑस्बोर्न यांची कंपनी मात्र आपल्याच वेगाने धापा टाकू लागली होती. १९८२ मध्ये त्याच किमतीचा, पण ९ इंची पडद्याचा आणि ८० अक्षरांची ओळ दाखवणारा केप्रो संगणक बाजारात उतरला. ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाने उद्योगाची दिशाच बदलली होती आणि १९८३ च्या आरंभी त्याच्याशी सुसंगत असलेला, उचलून नेता येणारा कॉम्पॅक दुकानांत दिसू लागला. याच वेळी ऑस्बोर्न यांनी ७ इंची पडद्याच्या ‘एक्झिक्युटिव्ह’ या २४९५ डॉलरच्या नव्या नमुन्याचा गाजावाजा केला. तो हाती येईपर्यंत जुना कशाला घ्या, असा विचार करून दुकानदारांनी ‘ऑस्बोर्न १’च्या मागण्या आवरल्या, अशी कथा रूढ झाली. अनेक जाणकारांना ती अपुरी वाटते आणि त्यात अर्थ आहे. नफा समजून चाललेल्या हिशेबात तोटा निघाला, समभाग विक्रीचा बेत बारगळला आणि प्रतिस्पर्ध्यांनी पुढे मजल मारली. एका घोषणेवर साऱ्या अपयशाचे खापर फोडणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. १३ सप्टेंबर १९८३ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढच्याच वर्षी ऑस्बोर्न यांनी पत्रकार जॉन ड्वोरॅक यांच्यासह ‘हायपरग्रोथ’ हे पुस्तक लिहून या चढ-उताराची आपली बाजू मांडली. यंत्राच्या बाबतीत पुरेसे म्हणजे काय हे अचूक ओळखणाऱ्या माणसाला कंपनीच्या वाढीच्या बाबतीत तो अंदाज आला नाही, हा या कहाणीतला चटका लावणारा भाग आहे.

कंपनी बुडाल्याचा खरा अर्थ ग्राहकाला त्याच्या टेबलापाशी कळतो. फ्लॉपी-ड्राइव्ह अडला तर कुणाला विचारायचे? हमीपत्रावर सही करणारा उरलेला नाही आणि पुढची सुधारणा येणार नाही. हजारो यंत्रे त्या वर्षी अशी पोरकी झाली. त्यांना आसरा दिला तो मंडळांनी. बैठका, वार्तापत्रे आणि फ्लॉप्यांचे संग्रह चालू राहिले. ‘फर्स्ट ऑस्बोर्न ग्रुप’ने इतर कंपन्यांच्या सीपी/एम संगणकांसाठी आणि नंतर एमएस-डॉसवाल्यांसाठीही दार उघडले. कंपनी राहिली नाही, पण तिचे नाव घेतलेली माणसे पुढे अनेक वर्षे एकमेकांच्या केबली सरळ करीत बसली. होमब्रू क्लबची अखेरची बैठक डिसेंबर १९८६ मध्ये झाली; त्याची रीत मात्र अशा असंख्य मंडळांतून जिवंत राहिली.

ऑस्बोर्न यांनी पराभवानंतर हातपाय गाळले नाहीत. १९८४ मध्ये त्यांनी ‘पेपरबॅक सॉफ्टवेअर’ कंपनी काढली. नावातच तिची प्रतिज्ञा होती. कागदी बांधणीच्या पुस्तकाने ज्याप्रमाणे वाचन सामान्यांच्या आवाक्यात आणले, त्याप्रमाणे आज्ञावलीही आणायची. त्या काळी लोटस कंपनीचा ‘१-२-३’ हा हिशेबाचा तक्ता ४९५ डॉलरना मिळत असे. त्याच्यासारखेच वागणारा ‘व्हीपी-प्लॅनर’ ऑस्बोर्न यांनी ९९ डॉलरना बाजारात आणला. लोटसवर हात बसलेल्या माणसाला नव्याने काही शिकावे लागू नये म्हणून आज्ञांची मांडणी हुबेहूब ठेवली होती. आतली आज्ञावली स्वतंत्रपणे लिहिलेली होती. पण जानेवारी १९८७ मध्ये लोटसने स्वामित्वहक्काच्या भंगाचा दावा ठोकला आणि जून १९९० मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या संघराज्य न्यायालयाने तो मान्य केला. ऑस्बोर्न यांना कंपनीतून बाहेर पडावे लागले. नियतीचा खेळ असा की, लोटसच्याच बोर्लंड कंपनीविरुद्धच्या दाव्यात १९९५ मध्ये अपील न्यायालयाने आज्ञांची अशी मांडणी ही काम करण्याची पद्धत असल्याने तिच्यावर स्वामित्वहक्क सांगता येत नाही, असा निर्णय दिला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मते समसमान पडल्याने तोच कायम राहिला. तोपर्यंत ऑस्बोर्न रणांगणातून कधीच बाहेर गेले होते.

प्रकृतीनेही त्यांची साथ सोडली होती. मेंदूच्या विकाराने आणि वारंवार येणाऱ्या झटक्यांनी बोलका, तडफदार ऑस्बोर्न थकत गेला. १९९२ च्या सुमारास ते भारतात परतले आणि कोडाईकॅनॉलला बहिणीच्या आसऱ्याने राहू लागले. शाळेच्या गणवेशात ज्या डोंगरांत ते वावरले होते, तिथेच त्यांची उतरती वर्षे गेली. याच वर्षांत भारतीय संगणक-अभियंते विमाने भरभरून त्यांच्या जुन्या कॅलिफोर्नियाकडे निघाले होते आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या पेट्यांत ऑस्बोर्नचे नाव छापलेले पुस्तक होते. १८ मार्च २००३ रोजी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, त्यांनी जगाचा निरोप घेतला.

उद्योगाच्या इतिहासाने ॲडम ऑस्बोर्न यांना अपयशाच्या नमुन्यांत जमा केले. तो हिशेब अपुरा आहे. यंत्र, आज्ञावली आणि समजावून सांगणारे शब्द या तिन्ही गोष्टी सामान्य माणसाला परवडणाऱ्या किमतीत एकत्र मिळाल्या पाहिजेत, हा त्यांचा आग्रह नंतरच्या साऱ्या बाजाराने निमूटपणे स्वीकारला. त्यांच्या मूळ यंत्रांचे काही नमुने संग्रहालयांत जपले आहेत. त्यातले एखादे आजही सुरू होते ते कुणातरी हौशी माणसाने जुना नकाशा जपून ठेवला, खराब झालेला भाग बदलून पाहिला आणि काय केले ते दुसऱ्याला सांगितले म्हणून. मेन्लो पार्कच्या गॅरेजमध्ये जमलेल्या तीसेक माणसांनीही त्या संध्याकाळी याहून वेगळे काही केले नव्हते.